स्वयंपाकघरातील ईश्वरसान्निध्य : लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती नित्यजीवनाचे मराठी गद्य

१

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात दोन क्षणांना अवाजवी महत्त्व मिळत आले आहे. एक, बाप्तिस्म्याचा क्षण; दुसरा, काव्यस्फूर्तीचा. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्याविषयी लिहिताना समीक्षा १० फेब्रुवारी १८९५ या तारखेभोवती आणि पुढे ‘अभंगांजली’भोवती फिरत राहते. पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) बाबतीत २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा आणि त्यावर महाराष्ट्रात उठलेले वादळ हाच केंद्रबिंदू ठरतो. परंतु बाप्तिस्मा हा थोडक्या वेळाचा विधी आहे. त्यानंतर टिळक चोवीस वर्षे जगले, रमाबाई अडतीस वर्षे आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) छत्तीस वर्षे. या वर्षांत रोज सकाळी चूल पेटत होती, पाणी भरले जात होते, मुले आजारी पडत होती, पैसे संपत होते. श्रद्धावंत माणसाच्या दृष्टीने ईश्वराकडे जाण्याचा खरा प्रवास याच वर्षांत होतो. तो प्रवास मराठी गद्याने कोणत्या भाषेत सांगितला, आणि इतर परंपरांतील तशाच लेखनाशी तुलना केली असता त्याचे वेगळेपण कोठे दिसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाला एक भूगोलही आहे. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की अहमदनगर, पुणे, नाशिक, वसई आणि गोवा ही नावे डोळ्यांपुढे येतात. जबलपूरचे नाव कोणी घेत नाही. १८१७-१८ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात असलेला हा मुलूख १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांतात समाविष्ट झाला आणि मराठी व हिंदी या दोन भाषा एका प्रशासनाखाली नांदू लागल्या. या प्रांताने मराठी ख्रिस्ती साहित्याला दोन निर्णायक प्रसंग दिले आहेत. नागपुरात काही काळ काढलेल्या टिळकांना राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला, तो १८९३ च्या सुमारास, याच प्रांतात. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई ज्या मुलींना घेऊन आल्या, त्या याच प्रांतातल्या. जबलपूर विभागातील उत्तरेकडचे जिल्हे त्या दुष्काळात सर्वाधिक होरपळले होते. तेथे त्याआधीची काही वर्षेही नापिकीची गेली होती. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग १८७० साली जबलपूर येथे एकमेकांना मिळाले होते. नर्मदाखोऱ्यातून जाणाऱ्या त्या मार्गाने दुष्काळग्रस्त उत्तर आणि पुणे-केडगाव ही दोन टोके जोडली गेली. या प्रांताचा संदर्भ लक्षात घेतला की पुढील विवेचनात भूक, अन्न आणि पंगत हे शब्द वारंवार का येतात, हे स्पष्ट होईल.

२

नित्यकर्मातून ईश्वरसान्निध्य या कल्पनेचा युरोपीय ख्रिस्ती परंपरेतील सर्वपरिचित आदर्श म्हणजे ब्रदर लॉरेन्स. लोरेन प्रांतात जन्मलेला हा निकोला एर्मां सैन्यातील नोकरीनंतर पॅरिस येथील कार्मेलाइट मठात सेवेकरी बंधू म्हणून राहिला आणि मठाच्या मुदपाकखान्यात वर्षानुवर्षे राबला. १६९१ साली त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्रे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे प्रसिद्ध झाली. ईश्वराच्या सान्निध्यासाठी प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ असा भेद करण्याचे कारण नाही, भांड्यांच्या खणखणाटातही मन त्याच्यापाशी राहू शकते, हे त्याच्या शिकवणुकीचे सार. त्याच्या आधी शंभर वर्षे अविलाच्या तेरेझाने आपल्या भगिनींना असेच काही सांगितले होते.

या आदर्शात स्वयंपाकघर कसे आहे, हे बारकाईने पाहावयास हवे. ते मठातले आहे. तेथे बायका-मुले नाहीत. तेथे जे शिजते ते सर्व बंधूंसाठी शिजते आणि कोणाच्या हातचे कोणी खावे हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. लॉरेन्सला ते काम मुळात आवडत नव्हते. ते त्याने ईश्वरप्रीत्यर्थ गोड करून घेतले. म्हणजेच बदल घडतो तो मनात. स्वयंपाकघर होते तसेच राहते.

मराठी वाचकाला या कल्पनेत नवे काही वाटणार नाही. वारकरी संतपरंपरेने हे फार पूर्वी आत्मसात केले होते. सावता माळ्याचा मळा, गोरोबांची माती, जनाबाईचे जाते ही सारी नित्यकर्मातील ईश्वराची ठिकाणे आहेत. जनाबाईच्या बाबतीत तर ही परंपरा लॉरेन्सच्याही पुढे जाते. तेथे ईश्वर केवळ कामाचा साक्षी राहत नाही, तो स्वतः दळू-कांडू लागतो. परंतु येथेही एक मर्यादा आहे. काम पवित्र झाले, तरी कामाभोवतीची समाजरचना पवित्र-अपवित्राच्या जुन्याच रेषांनी आखलेली राहिली. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. काल्याच्या प्रसादात आणि एकनाथांच्या चरित्रकथांत या रेषा ओलांडण्याची आकांक्षा नि:संशय दिसते; पण काला हा उत्सवाचा क्षण आहे आणि एकनाथांची कथा अपवादाची कथा म्हणूनच सांगितली जाते. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनापुढचा प्रश्न लॉरेन्सच्या प्रश्नाहून वेगळा होता आणि जनाबाईच्याही. ज्या स्वयंपाकघरात सोवळे-ओवळे हाच मुख्य व्यवहार आहे, तेथे मनाने ईश्वराजवळ जाणे पुरेसे आहे काय? की चूलच बदलावी लागते? या प्रश्नाला मराठीत मिळालेले उत्तर, माझ्या मते, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे.

३

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागश: प्रसिद्ध झाली. तिच्या विनोदाची, प्रांजळपणाची, बोलीच्या सहजतेची प्रशंसा मराठी समीक्षेने मुक्तकंठाने केली आहे. ती रास्तच आहे. मात्र या प्रशंसेत कृतीतील धर्मानुभव बाजूला पडला. लोकविलक्षण पतीबरोबर संसार करणाऱ्या एका खमक्या स्त्रीची कहाणी म्हणून ती वाचली गेली. तिच्या दोन इंग्रजी अनुवादांची शीर्षके या संदर्भात बोलकी आहेत. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या जोसेफिन इंकस्टर यांच्या अनुवादाचे शीर्षक ‘आय फॉलो आफ्टर’ असे आहे. हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलात पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात येतात; साहजिकच येथे कृती ख्रिस्तानुसरणाची कथा ठरते. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाने मूळ मराठी नाव राखून त्याला ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’ हे उपशीर्षक जोडले. येथे ती एका तेजस्वी पत्नीची कथा ठरते. दोन्ही वाचनांना कृतीत आधार आहे. पण एका वाचनात घर निसटते आणि दुसऱ्यात देव. कृतीत मात्र ही दोन्ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

लक्ष्मीबाईंच्या निवेदनात आरंभापासूनच सोवळे हा केवळ तपशील नाही, ती घराची रचना आहे. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची जी चित्रे त्या रंगवतात, ती वाचताना हसू येते. परंतु त्या हसण्याखाली एक भयग्रस्त घर आहे, जेथे प्रत्येक वस्तू, प्रत्येक स्पर्श संशयास्पद आहे. ईश्वर जर शुद्धीत असेल, तर माणसाने सतत धूतच राहावे लागते आणि तरी शुद्धी कधी पुरी होत नाही. कृतीचा पुढील सर्व प्रवास या भयाच्या विरुद्ध दिशेने आहे.

टिळकांच्या धर्मांतरानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई पतीपासून दूर, नातलगांकडे राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी राखली. म्हणजे एका छपराखालच्या नात्यात दोन धर्म होते आणि त्यांच्यामधली सीमा अन्नपाण्यातून जात होती. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, असा प्रश्न त्या पुढे स्वत:लाच विचारतात आणि तो माणसाने केला या निर्णयाला येतात. या निर्णयाचा पुरावा त्या सिद्धान्तात देत नाहीत, आचरणात देतात: यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानायचे नाही. बाप्तिस्मा त्यानंतर येतो.

हा क्रम निर्णायक आहे. धर्मांतरकथांचा रूढ आराखडा असा असतो: आधी पापाची जाणीव, मग ख्रिस्ताचा साक्षात्कार, मग नवे आचरण. लक्ष्मीबाईंच्या कथेत आचरण आधी बदलते आणि श्रद्धा त्या आचरणाच्या वाटेने घरात येते. पाण्याचा पेला हा येथे श्रद्धेचा परिणाम नसून श्रद्धेचा उंबरठा आहे. लॉरेन्सच्या स्वयंपाकघरात मन बदलले आणि चूल तशीच राहिली. येथे चूल बदलली आणि तिच्या मागोमाग मन बदलले.

बाप्तिस्म्यानंतरच्या भागात हाच प्रवाह विस्तारतो. टिळकांच्या हातात पैसा टिकत नाही, दारी आलेला कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही, आणि या औदार्याचा हिशेब अखेर घरातल्या बाईला जुळवावा लागतो. परक्यांची मुले घरात येतात आणि घरची होतात. बालकवी ठोंबरे (१८९०-१९१८) यांना या घराने पुत्रवत वागवले. त्यासाठी त्यांनी ख्रिस्ती व्हावे लागले नाही. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बंधुता कल्पिली. त्या कल्पनेचे श्रेय त्यांच्या प्रतिभेला दिले जाते. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला असे वाटल्यावाचून राहत नाही की, तो दरबार लक्ष्मीबाईंच्या ओसरीवर आधीच भरत होता. टिळकांना ज्याची संकल्पना मांडावी लागली, ते लक्ष्मीबाई वाढत होत्या.

या गद्याचे आणखी एक वैशिष्ट्य तौलनिक अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती आत्मचरित्राचा आदिग्रंथ म्हणजे ऑगस्टिनची ‘कन्फेशन्स’. ती ईश्वराला उद्देशून लिहिली आहे. वाचक तेथे एका खासगी संभाषणाचा श्रोता असतो. ‘स्मृतिचित्रे’त ईश्वराला संबोधन नाही. लक्ष्मीबाई शेजारणीशी बोलाव्यात तशा बोलतात. देव त्या बोलण्यात अधूनमधून, घरातल्या वडीलधाऱ्याचे नाव यावे तसा येतो. कबुलीजबाबाची जागा येथे विनोदाने घेतली आहे. स्वत:च्या अज्ञानावर, हट्टावर, रागावर त्या हसतात, आणि ज्या पतीला महाराष्ट्र महाकवी व संत मानतो त्याच्या विसरभोळेपणावरही हसतात. विनम्रता हा ख्रिस्ती अध्यात्मातील मूलभूत गुण मानला गेला आहे. पण विनम्रतेची जाहिरात करताच ती नष्ट होते. विनोद हा या पेचातून सुटण्याचा मार्ग आहे. म्हणून लक्ष्मीबाईंचा विनोद त्यांच्या धर्मजीवनापासून वेगळा काढणारी समीक्षा त्या धर्मजीवनाच्या मुख्य साधनाकडेच दुर्लक्ष करते.

टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. प्रारंभीचे दहा-अकरा अध्याय टिळकांचे, उरलेले बहुतांश त्यांचे. हे काव्य ओवीबद्ध आहे. ओवी हा १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा छंद आहे आणि जात्यावरच्या बायकांचाही. विवाहानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या स्त्रीने ख्रिस्तचरित्र सांगावे आणि ते दळणाच्या लयीशी नाते असलेल्या छंदात सांगावे, यात ग्रंथ आणि घर यांची जी भेट घडते, तिचे मोल ‘ख्रिस्तायना’च्या काव्यगुणांविषयी कोणाचेही मत काहीही असले तरी कमी होत नाही.

४

लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर एका घराचे आहे. पंडिता रमाबाईंचे स्वयंपाकघर संस्थेचे आहे, आणि त्यामुळे तेथे हाच प्रश्न वेगळ्या प्रमाणावर उभा राहतो.

मुंबईत १८८९ साली स्थापन झालेल्या शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांना आपले जातिनियम पाळण्याची मुभा होती. संस्था सर्वधर्मनिरपेक्ष राहील, या अटीवर समाजाने तिला आश्रय दिला होता. त्याच अटीवरून पुढे पुण्यात वाद पेटला. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी स्वत:च्या बालपणी दुष्काळ भोगला होता; त्यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास उपासमारीत गेले. मध्यप्रांतातील बातम्या ऐकून त्या स्वत: तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. या मुली निरनिराळ्या जातींच्या होत्या, बहुतेक हिंदीभाषक होत्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न धर्माचा नव्हता, अन्नाचा होता. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या हजारांवर गेली. सुशिक्षित विधवांची शाळा चालवण्यासाठी निघालेल्या स्त्रीला आता एक गाव पोसावे लागत होते: शेती, विहिरी, दुधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना.

रमाबाईंच्या १९०७ च्या ‘टेस्टिमनी’ या इंग्रजी आत्मनिवेदनात एक महत्त्वाचा भेद येतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, स्वत: ख्रिस्त सापडला तो कित्येक वर्षांनी, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. १८८३ च्या बाप्तिस्म्यावर आधारलेले सर्व वाद, मग ते त्या काळच्या वृत्तपत्रांतील असोत की अलीकडच्या वसाहतवादविषयक समीक्षेतील, या भेदापाशी अडखळतात. स्वत: लेखिकेनेच जी घटना अपुरी मानली, तिला तिच्या जीवनाचे केंद्र कसे मानावे?

येथे माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. १९०५ साली मुक्ती सदनात झालेले धार्मिक पुनरुज्जीवन हे जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदले गेले आहे. रडणे, मोठ्याने प्रार्थना, देहभान विसरणे अशा अनुभवांचा तो काळ होता. मग मुक्तीचे अध्यात्म नित्यजीवनाचे, असे कसे म्हणावे? याचे उत्तर असे देता येईल की, त्या घटनेची नोंद प्राधान्याने परदेशी वाचकांसाठी इंग्रजीत झाली. मराठीत रमाबाईंनी मागे ठेवले ते वेगळेच काम: संपूर्ण बायबलाचा अनुवाद. हिब्रू आणि ग्रीक शिकून, दीर्घकाळ राबून त्यांनी तो एकहाती केला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली तो संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. भावावेशाचा काळ ओसरला; खिळे जुळवणे वर्षानुवर्षे चालू राहिले.

प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि तिच्यातील तात्त्विक शब्दांबरोबर परक्या कल्पना चोरपावलांनी आत येतात, असा रमाबाईंचा आक्षेप होता. त्यांना अशिक्षित बाईला कळेल अशी मराठी हवी होती. ही इच्छा केवळ तात्त्विक नाही. ज्यांच्यासाठी त्या अनुवाद करत होत्या, त्यांच्यापैकी अनेकींची मराठी ही नंतर, केडगावात, कामाच्या ओघात शिकलेली भाषा होती. नर्मदाकाठची हिंदीभाषक मुलगी आणि संस्कृत शास्त्रांत मुरलेली पंडिता यांच्यात जी मराठी सामाईक होती, ती घाण्यावरची आणि चुलीवरची मराठी. शास्त्र्याच्या कन्येने शास्त्राची भाषा सोडून हिच्याकडे यावे, यातच एक साधना आहे. हा अनुवाद वाङ्मयीन दृष्ट्या सर्वत्र यशस्वी झाला असे म्हणवत नाही. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना अनेकदा आखडते, आणि सोपेपणा व शब्दनिष्ठा यांची ओढाताण त्यात लपत नाही. परंतु ती ओढाताणही अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंनी सहज साधलेली बोली रमाबाईंना प्रयत्नाने मिळवावी लागली.

५

या विवेचनाची एक मर्यादा येथे नोंदवली पाहिजे. लक्ष्मीबाई आणि रमाबाई दोघीही ब्राह्मण घरांतून आलेल्या. सोवळे टाकणे हा त्यांचा त्याग होता. अहमदनगर परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग मात्र महार व मांग समाजांतून आला. त्यांच्या दृष्टीने स्वयंपाकघरातील क्रांतीची दिशा उलटी होती: ज्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते, त्यांच्या हातचे कोणीतरी घेतले. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अनुभवात अंतर आहे. आणि ईश्वर जवळ आला असे कोणाला केव्हा वाटले, हे त्या अंतरावर अवलंबून आहे. लक्ष्मीबाई पाण्याचा पेला तोंडाला लावतात, तेव्हा तो पुढे करणाऱ्या हाताला काय वाटले, हे त्या कृतीत नाही. मराठी दलित आत्मकथनांनी पाण्याविषयी जे लिहिले, त्याच्याशेजारी ठेवूनच ‘स्मृतिचित्रे’तील हा प्रसंग पूर्ण वाचता येईल. ख्रिस्ती आत्मकथन आणि दलित आत्मकथन यांचा अभ्यास आपल्याकडे वेगवेगळ्या दालनांत होत असल्यामुळे ही तुलना राहून गेली आहे.

६

एवढ्या विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला, नित्यजीवनातून ईश्वरसान्निध्य ही कल्पना सर्व परंपरांत सारखी दिसली, तरी ‘नित्यजीवन’ हे सर्वत्र सारखे नसते. मठातील मुदपाकखाना, संताचे जाते आणि जातिबद्ध घरातील चूल ही तीन वेगळी स्थळे आहेत. म्हणून त्यांतून ईश्वराकडे जाणाऱ्या वाटाही वेगळ्या. दुसरा, मराठी ख्रिस्ती गद्याचे या कल्पनेला दिलेले योगदान असे की, त्याने पंगत हा अध्यात्माचा विषय केला. ईश्वर किती जवळ आहे, याचे माप येथे ध्यानाच्या खोलीवर घेतले जात नाही. आपल्या शेजारी जेवायला कोण बसले आहे, यावर घेतले जाते. तिसरा, या गद्याचे वाङ्मयीन गुण, म्हणजे बोली, विनोद आणि साधेपणा, हे त्याच्या धर्मानुभवाचे केवळ वाहन नाहीत. तो अनुभव त्यांच्यातच घडतो.

यातून अभ्यासासाठी एक दिशाही सुचते. मेथडिस्ट पंथीयांनी जबलपूर येथे १९२३ साली सुरू केलेल्या आणि पुढे लिओनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेसारखी ख्रिस्ती धर्मशिक्षणाची केंद्रे मध्य भारतात दीर्घकाळ कार्यरत आहेत. मराठी साहित्याचे अभ्यासक आणि अशा केंद्रांतील धर्मशास्त्राचे अभ्यासक यांच्यात संवाद क्वचितच घडतो. साहित्यसमीक्षेला लक्ष्मीबाईंचा विनोद दिसतो आणि देव दिसत नाही. धर्मशास्त्राला टिळकांची गीते आणि रमाबाईंचे सेवाकार्य दिसते, पण गद्यातील चूल दिसत नाही. मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवर, जेथून दुष्काळातल्या मुली अनोळखी भाषेच्या मुलखात गेल्या, तेथील ख्रिस्ती स्त्रियांच्या हिंदी लेखनाशी ‘स्मृतिचित्रे’ची तुलना होणे अगत्याचे आहे. त्या मुलींनी स्वत: फारसे लिहून ठेवले नाही. परंतु १९२४ च्या त्या बायबलाची पाने स्त्रियांच्या हातांनी जुळवली गेली आहेत, आणि कोणत्याही भाषेच्या वाङ्मयेतिहासात त्या हातांना जागा असावयास हवी.